वारंवार होणारी गळवे : कारणे आणि उपाय
(ओरत्तनाडु येथे मंडळाच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी आम्ही गळवांसारखा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. इतिहास, भाषा किंवा संगीत यांवर बोलणे अधिक शोभले असते, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु ज्या गावी आज आपण एकत्र आलो आहोत, त्या गावाला हा विषय परका नाही. तंजावराहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या वाटेवरील या ओरत्तनाडूत सरफोजी महाराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ १८०२ साली छत्र उभारले आणि गावाला मुक्तांबापुरम असे नाव मिळाले. रामेश्वराच्या यात्रेकरूंना या छत्रांतून अन्न मिळे, हे आपण सर्वजण जाणतोच. तथापि छत्रांचे काम पंगतीपुरते नव्हते. राज्यातील छत्रांविषयी महाराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटास जे पत्र लिहिले, त्यात तेथे नेमलेल्या वैद्यांचा उल्लेख आहे, आणि त्या वैद्यांना कोणकोणत्या व्याधींचे ज्ञान असावे हे सांगताना सर्पविषाच्या जोडीने सूज या विकाराचाही निर्देश आहे. उन्हातान्हातून अनवाणी चालत आलेल्या यात्रेकरूला काय होत असेल? पायाला जखम, मांडीला फोड, काखेत गळू. त्याची व्यवस्था करणे हे आपल्या पूर्वजांना पंगत वाढण्याइतकेच धर्मकृत्य वाटले. तेव्हा त्याच भूमीवर या विषयाची चर्चा करण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही.

प्रथम शब्दांचा विचार करू. आपल्या भाषेने या विकारांना किती नेमकी नावे दिली आहेत पाहा. केसाच्या मुळाशी होणारे ते केसतूड. लहान पण ठणकणारे ते करट. मोठे, पू धरलेले ते गळू. मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांनी फुटणारी ती काळपुळी. काखेत येणारी ती काखमांजरी. आणि पापणीच्या कडेला येणारी ती रांजणवाडी. आपल्या शेजारचे तमिळ बांधव गळवाला ‘कट्टि’ म्हणतात, आणि उन्हाळ्यात येणाऱ्या गळवांना ‘वेनल कट्टि’ असे वेगळे नाव देतात. या शेवटच्या नावातच लोकांची कारणमीमांसा दडलेली आहे. ऊन वाढले की अंगात उष्णता साठते, ती गळवाच्या रूपाने बाहेर पडते, असा समज तमिळ घरांत आहे आणि आपल्या घरांतही आहे. त्याला आपण ‘रक्त बिघडले’ ही आणखी एक पुस्ती जोडतो. मग आंबा बंद होतो, फणस बंद होतो, आजीबाई उपळसरीचा काढा देतात, आणि शेजारच्या घरी त्याच मुळीचे ‘नन्नारी’ या नावाने सरबत केले जाते. गळू यथाकाल फुटते, बरे होते, आणि श्रेय काढ्याला मिळते. महिन्याभराने दुसरे गळू येते, तेव्हा मात्र दोष आंब्याकडे जातो.

या समजुतीची आम्हांला थट्टा करावयाची नाही. तिच्यात निरीक्षण आहे. चूक आहे ती निष्कर्षात. कत्तिरीच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्यातील कडक उन्हात, गळवे वाढतात हे खरे. परंतु त्याच दिवसांत घाम वाढतो, घामोळे उठते, मुले ते खाजवतात, त्वचेला सूक्ष्म ओरखडे पडतात. आंबाही नेमका त्याच हंगामात येतो. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. आंब्याच्या देठाचा चीक ओठांना आणि गालांना लागला तर तेथे पुरळ उठू शकतो, एवढा दोष त्याच्या पदरी अवश्य घालावा. पण पाठीवरच्या गळवासाठी त्याला शिक्षा करू नये.

मग गळू होते कशाने? स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० साली गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना गोल जंतूंचे घोस दिसले. द्राक्षांच्या घोसावरून त्यांनी या जंतूंना ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले. पुढे १८८४ साली जर्मनीत रोझेनबाख यांनी त्यांची प्रयोगशाळेत वाढ केली आणि त्यांच्या सोनेरी रंगामुळे एका जातीला ‘ऑरियस’ म्हणजे सोनेरी असे विशेषण जोडले. गळू, केसतूड, काळपुळी, रांजणवाडी या बहुतेक सर्वांच्या मुळाशी हाच सोनेरी जंतू असतो. केसाच्या मुळातून किंवा ओरखड्यातून तो आत शिरतो. त्याला अडविण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात; त्या झुंजीत मेलेल्या पेशी, मेलेले जंतू आणि गळून गेलेले मांस मिळून पू तयार होतो. म्हणजे पू हा बिघडलेल्या रक्ताचा निचरा नसून शरीराने दिलेल्या लढ्याचा अवशेष आहे. ही गोष्ट ध्यानी आली की रक्तशुद्धीच्या औषधांवरील बराचसा खर्च आपोआप वाचेल.

येथपर्यंतचे ज्ञान आता शाळेतल्या मुलांनाही असते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. एक गळू बरे झाल्यावर त्याच माणसाला दुसरे, तिसरे, चौथे का होते? याची कारणे आम्ही क्रमाने मांडतो.

पहिले कारण असे की, हा जंतू आपल्या घरातच राहतो. निरोगी माणसांपैकी सुमारे दहांत तिघांच्या नाकपुड्यांत तो वस्तीला असतो आणि त्यांना काही त्रास देत नाही. काखेत, जांघेत, गुदद्वाराजवळही त्याची वस्ती असते. नाकाला लागलेले बोट अंगावर फिरते, खाजवताना जंतू ओरखड्यात शिरतो आणि नवे गळू तयार होते. ज्याच्या नाकात जंतू आहे त्यालाच गळू होईल असेही नाही. बापाच्या नाकातला जंतू मुलीच्या मांडीवर प्रकट होऊ शकतो. मध्ये दुवा असतो तो पंच्याचा, उशीचा, वस्तऱ्याचा, साबणाच्या वडीचा आणि एकाच वाटीत सर्वांनी बोटे बुडवून घेतलेल्या खोबरेल तेलाचा. आपल्या जुन्या घरांत एक पंचा चौघांनी वापरणे हे जिव्हाळ्याचे लक्षण मानले जाते. सोवळ्याचे रेशमी वस्त्र तर पुष्कळदा महिनोन्‌महिने धुतले जात नाही. सोवळ्यातील शुचितेची भावना आदरणीयच आहे. परंतु तीत शरीराची स्वच्छताही अंतर्भूत आहे, याचा विसर पडू नये. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात मुलांच्या गळवांविषयी एक अभ्यास झाला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. केवळ आजारी मुलावर जंतुनाशक उपचार करण्याऐवजी घरातील सर्वांवर एकाच वेळी ते केले, तर पुन्हा गळू होण्याचे प्रमाण कमी होते, असे त्यात आढळले. ते प्रमाण शून्यावर आले नाही हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. तरीही दिशा स्पष्ट आहे. वारंवार होणारे गळू हा एका माणसाचा नव्हे, एका कुटुंबाचा विकार समजावा.

दुसरे कारण त्वचेची कवाडे उघडी राहण्याचे. घामोळे, खरूज, गजकर्ण, डोक्यातील उवा, डासांचे दंश यांमुळे खाज सुटते आणि नखांनी दारे उघडली जातात. खरूज असलेल्या मुलाला कितीही वेळा गळवाचे औषध दिले तरी खरूज घालविल्यावाचून गळवे थांबणार नाहीत. दाढीसाठी केसांच्या उलट दिशेने फिरविलेले पाते, घट्ट कृत्रिम धाग्याचे कपडे, घामाने भिजलेला सदरा दिवसभर अंगावर ठेवणे, हीही त्यातलीच कारणे. शुक्रवार-शनिवारच्या तैलस्नानाची येथील प्रथा सुखकारक आहे; तेल चोळून लगेच स्वच्छ धुतले तर तिच्यात वावगे काही नाही. परंतु कावेरीच्या या दमट प्रदेशात डोक्यावर, कपाळावर आणि पाठीवर दाट तेल थापून ते तसेच मुरू दिल्यास केसांची छिद्रे बुजतात आणि तेथे पुटकुळ्या येतात.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि या व्याख्यानातील एकच गोष्ट स्मरणात ठेवावयाची असेल तर ही ठेवावी. वारंवार होणारी गळवे हे मधुमेहाचे पहिले लक्षण असू शकते. रक्तात साखर वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे बळ ओसरते. ही गोष्ट आपल्या प्राचीन आचार्यांच्या नजरेतून सुटलेली नाही. चरकाने प्रमेहामुळे होणाऱ्या सात पिडका वर्णिल्या आहेत आणि सुश्रुताने दहा. रक्तातील साखर मोजण्याचे कोणतेही साधन हाताशी नसताना, मूत्राचा विकार आणि त्वचेवरची गळवे यांचा संबंध त्यांनी केवळ निरीक्षणाने जोडला, हे विलक्षण आहे. आज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे. त्यांपैकी पुष्कळांना त्याची कल्पनाही नसते. पन्नाशीच्या गृहस्थाच्या मानेवर काळपुळी येते, घरातील मंडळी आठ दिवस पोटीस बांधतात, आणि अखेर ताप चढून शुद्ध हरपू लागल्यावर दवाखाना गाठला जातो. तेथे साखर तपासली जाते, ती आयुष्यात प्रथमच. हे चित्र आमच्या व्यवसायातील कोणालाही अपरिचित नाही. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी ही तपासणी ६.५ टक्के किंवा अधिक, हे मधुमेहाचे गमक मानतात. ज्याला सहा महिन्यांत दुसऱ्यांदा गळू झाले, त्याने ही तपासणी करून घ्यावी. वयाची सबब सांगू नये.

चौथे कारण अर्धवट उपचारांचे. औषधांच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणावयाच्या, ठणका थांबला की उरलेल्या गोळ्या पुढच्या गळवासाठी डब्यात ठेवावयाच्या, ही सवय घरोघर दिसते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला तो याच सोनेरी जंतूची वाढ करीत असताना, हा योगायोग लक्षणीय आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट ही की, १९४० नंतर ते औषध वापरात आल्यावर थोड्याच वर्षांत या जंतूच्या पुष्कळ जाती त्याला दाद देईनाशा झाल्या. मग मेथिसिलिन हे नवे औषध निघाले, तर १९६१ साली त्यालाही न जुमानणारी जात इंग्लंडमध्ये आढळली. आज अशा जाती आपल्याकडे रुग्णालयांतच नव्हे, तर वस्तीतही आढळतात. म्हणून गळू पुनःपुन्हा होत असेल तर पू तपासणीसाठी पाठविण्याचा आग्रह धरावा, म्हणजे कोणते औषध लागू पडेल ते कळते. याच संदर्भात मलमांविषयीही सांगितले पाहिजे. खाजेवर झटपट गुण देणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. ते वैद्याच्या सल्ल्यावाचून महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, गजकर्ण पसरते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. २०१८ साली सरकारने अशी मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. परंतु शेजारणीने दिलेल्या नळीला चिठ्ठी लागत नाही, हा आपला अनुभव आहे.

पाचवे कारण निदानाचे. गळवासारखे दिसणारे सर्वच विकार गळू नसतात. तारुण्यातील मुरमे वेगळी. आणि ज्याला आपण काखमांजरी म्हणतो, ती काखेत, जांघेत किंवा स्तनांखाली वर्षानुवर्षे त्याच त्याच जागी येत असेल, तेथे वण आणि त्वचेखाली बोगद्यासारख्या वाटा पडत असतील, तर तो ‘हिड्राडेनायटिस सपुराटिव्हा’ नावाचा स्वतंत्र दीर्घकालीन विकार असू शकतो. तो संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेमुळेही होत नाही. धूम्रपान आणि वाढलेले वजन त्याला बळ देतात. तरुण मुली हा त्रास लाजेने आईलाही सांगत नाहीत, आणि कळला तर ‘नीट आंघोळ करीत जा’ असा उपदेश ऐकतात. मातांना आमची विनंती आहे की, मुलीला उपदेश करण्याऐवजी तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे. या विकारावर आता उपचार आहेत, आणि ते लवकर सुरू केले तर वण टळतात.

आता उपायांकडे वळू. सुश्रुतसंहितेत ‘आमपक्वैषणीय’ नावाचा अध्याय आहे. त्यात सूज कच्ची आहे, पिकत आहे की पिकली आहे, हे ओळखण्याची लक्षणे दिली असून, कच्ची सूज कापणारा आणि पिकलेली सूज तशीच सोडणारा असे दोन्ही वैद्य सारखेच निंद्य ठरविले आहेत. आजच्या शस्त्रवैद्यकाचा नियमही फार वेगळा नाही. कच्च्या गळवाला स्वच्छ फडक्याने, सोसेल इतक्या गरम पाण्याचा शेक दिवसातून तीनचार वेळा, दहापंधरा मिनिटे द्यावा. ते पिळू नये, सुईने टोचू नये, ‘बी’ काढण्याचा हट्ट धरू नये. पिळल्याने पू आत खोल ढकलला जातो. मोठे आणि पिकलेले गळू डॉक्टरांकडून कापून घेणे हाच मुख्य उपचार होय; तेथे गोळ्या दुय्यम ठरतात. कांद्याच्या अथवा कणकेच्या पोटिसात जो गुण आहे तो उष्णतेचा आहे; तो गरम पाण्यानेही मिळतो, आणि फुटलेल्या गळवावर कणीक भरण्याचा धोका टळतो.

पुनःपुन्हा त्रास होणाऱ्या घराने पुढील नियम पाळावेत. प्रत्येकाचा पंचा, वस्तरा आणि उशीची खोळ वेगळी असावी. साबणाची एक वडी सर्वांनी वापरू नये. नखे कापलेली असावीत. तेल वाटीत बोटे न बुडवता बाटलीतून हातावर घ्यावे. अंथरूण-पांघरूण आणि पंचे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. या प्रदेशात उन्हाची वाण नाही, त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. वाहते गळू झाकून ठेवावे आणि त्यास स्पर्श झाल्यावर हात साबणाने धुवावेत. एवढ्यानेही थांबले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पाच दिवस नाकात म्युपिरोसिनचे मलम दिवसातून दोनदा लावणे आणि क्लोरहेक्सिडीनच्या द्रावणाने अंग धुणे हा उपक्रम सर्व कुटुंबाने एकाच वेळी करावा. आपल्या मनाने मात्र तो वरचेवर करू नये. या मलमालाही जंतू सरावतात.

काही प्रसंगी घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. नाकावर किंवा वरच्या ओठावर गळू आले असता तेथील शिरांचा मेंदूतील शिरांशी संबंध असल्यामुळे जिवावर बेतू शकते. थंडी वाजून ताप येणे, गळवाभोवती लाली झपाट्याने पसरणे, पाठीवर अथवा मानेवर काळपुळी येणे, अंगावर पाजणाऱ्या मातेच्या स्तनात गाठ ठणकणे, तान्ह्या बालकाला किंवा मधुमेही माणसाला कोणतेही गळू होणे, या सर्व प्रसंगी तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

आमचे विवेचन संपत आले. मधुमेहावरील गळवे ओळखणारे चरक-सुश्रुत, तंजावरात धन्वंतरी महाल स्थापून देशी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचा एकत्र अभ्यास करविणारे सरफोजी महाराज, आणि जंतूंचा शोध घेणारे ऑग्स्टन यांच्यात आम्हांला विरोध दिसत नाही. महाराजांनी परंपरा सांभाळली आणि नवे ज्ञान येताच त्याचेही स्वागत केले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या घरांत आजीचा शेक आणि डॉक्टरांची तपासणी ही दोन्ही सुखाने नांदावीत.

आपली मंडळी मूळ प्रदेशापासून शेकडो मैल दूर, पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिली आहेत. दूर राहणाऱ्या समाजात एक गुण आपोआप येतो. एकाचे दुखणे सर्वांना कळते. मंडळाने पन्नास वर्षे हाच जिव्हाळा जपला. त्या जिव्हाळ्याचा एक लहानसा उपयोग सुचवून आम्ही थांबतो. मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात हळदीकुंकू आणि सहभोजनाच्या जोडीने, चाळिशीपुढील प्रत्येक सभासदाची साखर तपासण्याची सोय करावी. त्यास खर्च थोडा, वेळ त्याहून थोडा लागेल. छत्रात पंगतीच्या शेजारी वैद्यही बसत असे. मंडळाच्याही पंगतीशेजारी त्याला जागा मिळावी.